वापरण्यापूर्वी हलवू नये

“पिळून झालं की दुधाकडे पाठ फिरवायची. बघत बसलीस तर हात लावशील, आणि हात लावलास की साय रुसेल.”

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण मी नारळ हातात घेतला की हे वाक्य उजव्या खांद्यामागून अजून ऐकू येतं. त्या तिथेच उभ्या राहायच्या. मी खवायला बसले की त्यांची नजर करवंटीत. पांढरं संपून तपकिरी लागायच्या आत “बास” म्हणायच्या, आणि ते इतकं वेळेवर पडायचं की स्वतःच्या डोळ्यांनी थांबायला मी कधी शिकलेच नाही. अजूनही त्यांच्याच शब्दावर थांबते.

नारळाच्या दुधावर साय धरायची ही विद्या त्यांनी मला दिली, पोटच्या लेकीला नाही. वन्संचं म्हणणं, “मला खायची येते. करायची येणारं माणूस आणलंय ना घरात?” असं माझ्या देखत म्हणायच्या आणि मग स्वतःच्या वाटीतली अर्धी साय माझ्या वाटीत लोटायच्या. वन्सं अशाच. हात सढळ, जीभ त्याहून सढळ.

त्या आता कायमच्या लेकीकडे, दूर परगावी निघाल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण हात पूर्वीसारखा चालेना. लेकीने निक्षून सांगितलं, आता एकटं राहणं पुरे. गुरुवारी दुपारी बारा वाजता जावई गाडी घेऊन येणार होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी इतक्या लांब गेलेलं माणूस सहजी परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघींनीही ते ओठांवर आणलं नाही.

सोमवारी मी त्यांचं सामान बांधायला गेले. त्या खुर्चीत बसून मला कामाला लावत होत्या. हात गेल्यापासून त्यांची जेवणावरची इच्छाच उडाली होती. ताटात चार घास घेऊन त्यातले दोन ठेवायच्या. मी चादरींच्या घड्या घालत असताना म्हणाल्या, “मौनी, एक मागू का?”

मला त्या मौनी म्हणतात. सकाळी उठल्यापासून दहापर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षांचं व्रत आहे. एकदाच मोडलं, अंगावर पाल पडली तेव्हा, आणि तेही शब्दाने नाही, नुसत्या आवाजाने. त्याचं प्रायश्चित्त मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मौन धरून घेतलं होतं. वन्सं म्हणाल्या होत्या, “पालीने तरी काय पाप केलं होतं?”

“मागा की,” मी म्हटलं.

“आईची साय खायची आहे. चमचा उभा राहायचा, तशी. उभा राहिला तर खाईन. आडवा पडला तर तुझी तू खा.”

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी घडी खाली ठेवली. “जायच्या आधी आणून देते. माझा शब्द.”

मंगळवारी पहाटे चारला उठले. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. आदल्या दिवशी तीन नारळ कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना हे बघून आणले होते. फोडले, पाणी वेगळं काढलं, खवले. साधं पाणी ऊन केलं, बोट बुडवून सावकाश तीन म्हणता येईल इतकंच ऊन. त्यात खोबरं थोडा वेळ भिजवलं, मिक्सरमधून थांबत थांबत फिरवलं आणि धुवट पंच्यात घालून पिळलं. पहिलं दूध सायीचं. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळलेलं दुसरं दूध वेगळ्या पातेल्यात, आमच्या दोघांच्या भातासाठी. दोन्ही एकत्र केली की दाटपणा गेलाच, हे सासूबाईंचं दुसरं वाक्य.

त्या दूध पातेल्यात ठेवायच्या. मी थोडी अक्कल चालवली. झाकण उघडून डोकावण्याचा मोह नको, साय धरल्याची रेघ बाहेरूनच दिसावी, म्हणून काचेची बाटली घेतली. ती बाटली आमच्या ह्यांच्या दवाखान्यातली. हे छत्तीस वर्षं कंपाउंडर होते, डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ही रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची बाटली आठवण म्हणून घरी आणलेली. दूध भरलं, बूच लावलं आणि फ्रिजच्या दारात उभी केली. पाठ फिरवली आणि माळ घेऊन कोपऱ्यात बसले.

दहाला मौन सुटलं. बाटली काढली. सगळं एकसारखं पांढरं. ना रेघ, ना साय.

म्हटलं, होईल थोड्या वेळात. पाव तास वाट पाहिली आणि मन घट्ट करून तशीच वन्संकडे नेली. त्यांनी डाव्या हाताने चमचा घातला. तो वाटीच्या काठावर टणकन पडला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “मांजराला आवडेल.”

“उद्या आणते.”

“आण. दोन दिवस आहेत अजून.”

बुधवारी नारळ बदलले, पाणी कमी घातलं, पंचा नवा घेतला. पिळताना मनगटं भरून आली. दहाला पाहते तो तेच. एकसारखं पांढरं, शहाण्या मुलासारखं शांत. वन्संनी या वेळी चमचा घातलाही नाही. वाटी डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, “साय वाटेत उतरली का गं कुठे?” मग माझं तोंड बघून वाटी बाजूला ठेवली. “जाऊ दे. आईचा हात आईबरोबर गेला. तू कशाला जिवाला लावून घेतेस?”

टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझी समजूत काढली, ते मला फार लागलं. घरी येऊन देवापुढे बसले. देवाकडे साय मागायची लाज वाटली, म्हणून नुसतीच बसले. हे दुधाचा पेला घेऊन आले. दोन दिवस ते फसलेलं दूध हेच पीत होते.

“उत्तम झालंय,” म्हणाले. “एकजीव.”

“एकजीव व्हायला नको होतं,” मी म्हटलं. पण ते मिशी पुसत निघून गेले होते.

गुरुवारी पुन्हा चारला उठले. पुन्हा खवणं, “बास”, ऊन पाणी, पिळणं. पाच वाजता बाटली फ्रिजच्या दारात. पाठ फिरवली, माळ हातात घेतली. आज नाही जमलं तर वन्सं आईच्या सायीवाचून जाणार, आणि मी दिलेला शब्द इथेच राहणार. माळेवर मन ठरत नव्हतं.

सात वाजता मागून ह्यांच्या गुळण्यांचा आवाज आला. गुडुक, गुडुक, गुडुक. मंगळवारीही आला होता, बुधवारीही. हे उठले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात. मी मणी पुढे सरकवला. तेवढ्यात लक्षात आलं, हे गुणगुणतही होते. गुडुक गुडुक, आणि वर गुणगुणणं.

आता गुळण्या करताना माणूस गुणगुणेल कसा?

सासूबाईंची आज्ञा मोडून मी मान वळवली.

हे फ्रिजसमोर उभे. डोळ्यांत घालायच्या थेंबांची कुपी खिशात, आणि दोन्ही हातांत माझी बाटली. तळहात बुचावर दाबलेला. बाटली पूर्ण उलटी, मग सुलटी, मग उलटी. तीन वेळा. नंतर ती खिडकीच्या उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

शब्द माझ्या दातांपर्यंत आला. पाल पडली तेव्हा तर आवाज दातांपर्यंत यायलाही थांबला नव्हता. मी ओठ मिटले आणि उठून लगबगीने गेले. हाताचा पंजा डावीकडे-उजवीकडे जोरजोरात हलवून दाखवला. नको, नको, नको.

“हो हो,” हे म्हणाले. “हलवतो की.” आणि जास्तच जोराने हलवायला लागले.

एकोणीस वर्षांच्या मौनात माझ्या खुणांची भाषा ह्यांना अशीच येते. मीठ मागितलं की पेपर आणून देतात. मी बाटली हातातून काढून घेतली, ओट्यावर ठेवली आणि ह्यांचे दोन्ही हात धरून ह्यांना खुर्चीत बसवलं. हे घाबरले. “काय झालं? चक्कर येतेय का?”

मी खण उघडला. त्यात ह्यांच्या दवाखान्यातल्या, बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा अजून आहे. किराण्याची यादी मी त्यांच्याच पाठीवर लिहिते. प्रत्येक चिठ्ठीवर छापलेलं आहे, “वापरण्यापूर्वी हलवावे.” मी पेन घेतलं, “हलवावे” खोडलं आणि वर लिहिलं, “हलवू नये.” खाली लिहिलं, “साय वर यायची आहे.” चिठ्ठी ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी ती वाचली. चष्मा लावून पुन्हा वाचली. मग बाटलीकडे पाहिलं.

“कालही?”

मी मान डोलावली.

“परवाही?”

मी मान डोलावली.

“अगं, थेंब काढायला दार उघडायचो तर शेजारी ही दिसायची. वर दाट, खाली पाणी. म्हटलं औषध तळाशी बसण्याऐवजी वर बसलंय, द्या हलवून. साडेआठला गोळी घ्यायला उठलो की पुन्हा तेच. म्हणून पुन्हा. तुझं मौन सुटायच्या जरा आधी आणखी एकदा. परवा तर चांगला पेरभर थर आला होता, मोडताना दमलो मी.”

पेरभर थर. मी भिंतीला टेकले. म्हणजे साय येत होती. मंगळवारी आली होती, बुधवारी आली होती, माझ्या पाठीमागे गुपचूप वर येत होती, आणि हे तिला प्रामाणिकपणे बुडवत होते. माझा हात गेला नव्हता. सासूबाईंचा हात माझ्या हातात होता तसाच होता. मला हसू फुटलं. मौनातलं हसू वाईट असतं, तोंडातून वाट मिळत नाही म्हणून ते खांद्यांतून बाहेर पडतं. मी पदर तोंडात धरून गदगदत राहिले. हे आधी ओशाळले, मग माझ्याकडे पाहून तेही सुरू झाले. ते मात्र मोठ्याने हसत होते, आमच्या दोघांच्याही वाटचं.

मग घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून दहा. बाराला गाडी. दुधाला मिळून मिळून साडेतीन तास.

हे उठले. चिठ्ठीला डिंक लावला, बाटलीवर चिकटवली, आयुष्यभर चिकटवत आले तशी, कोपरे अंगठ्याने दाबून. बाटली या वेळी दारात न ठेवता फ्रिजच्या आतल्या फळीवर, अगदी मागे, जिथे गारठा जास्त तिथे ठेवली. दार अलगद लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

“तू जप कर,” म्हणाले. “मी इथे आहे. आणि माझे हात हे इथे.” दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मी पुन्हा पाठ फिरवली. साडेआठला मागे खुर्ची करकरली. माळ थांबली. “गोळी,” हे हळूच म्हणाले. “पाण्याशिवाय गिळतो. फ्रिज उघडत नाही.” नंतर एकदा म्हणाले, “थेंबही नंतर घालतो. एका दिवसाने आंधळा होत नाही मी.” त्यानंतर तेही गप्प झाले. त्या सकाळी माझा जप फार चांगला झाला.

दहाला मौन सुटलं. आम्ही दोघंही उठलो नाही. पावणेअकराला हे म्हणाले, “आता?” आणि मी दार उघडलं.

बाटलीत रेघ होती. वर दोन पेरं घट्ट, शुभ्र, अधू नजरेलाही दिसेल अशी. खाली निळसर पातळ पाणी. ह्यांनी सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“चमचा घालून बघू या का?” 

“नाही. तो मान वन्संचा.”

“बरोबर,” हे म्हणाले. मग हळूच, “तिला सांगणार आहेस, कुणी हलवत होतं ते?”

“न सांगता कसं चालेल? दोन दिवस माझ्या हातावर खापर फुटलंय.”

“जन्मभर पुरेल तिला,” हे सुस्कारून म्हणाले. “लेकीच्या घरी फोनवर फोन करून सांगेल, बाळ्याने आईची साय दोनदा बुडवली म्हणून.”

“सांगू देत. जेवताना सांगतील, म्हणजे दोन घास जास्त जातील.”

वन्संचं घर पायी दहा मिनिटांवर. रिक्षा केली तर खड्ड्यांनी सगळं पुन्हा एकजीव होईल, म्हणून चालतच जायचं ठरलं. मी ओल्या फडक्यात बाटली गुंडाळली, पिशवीत वाटी ठेवली आणि सासूबाईंचा जाड दांड्याचा चमचा. बाटली उचलायला वाकले तर ह्यांनी मला अडवलं.

“मला दे.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

“दे गं. मोडली मी, तर पोचवायला मीच हवा.”

दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, चिठ्ठी बाहेरच्या बाजूला. आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. हे प्रत्येक पायरीवर आधी एक पाऊल ठेवत, मग दुसरं त्याच्याशेजारी आणत, मग बाटलीतल्या रेघेकडे बघत आणि मगच पुढची पायरी घेत. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “कंपाउंडर, कुणाचं औषध एवढं?”

ह्यांनी नुसती मान डोलावली, तीही जपून. बोललं तरी बाटली हलेल असं वाटलं असावं. मी फाटक धरून उभी राहिले. हे बाहेर पडले, आणि आम्ही दोघं सावलीच्या कडेने वन्संच्या घराकडे निघालो.