दाराएवढी गाडी

आमच्या कंपनीची नवी गाडी किती रुंद असावी, हे शेवटी मीटिंगच्या खोलीच्या दारानं ठरवलं. मी इंजिनिअर आपली उगाच गणितं करत बसले होते.

गाडी म्हणजे चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल आणि डोंगर, वाळू, चिखल कुठंही उधळायची खुमखुमी. अशा गाडीची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून लांब हवीत, नाहीतर उतारावर ती आडवी होते. मी लांबच ठेवली होती. पण गाडीचं खऱ्या मापाचं मातीचं मॉडेल संचालकांना दाखवायला नेताना दारात अडकलं. गाडीचं रूप ठरवणारे आमचे कलाकार मोठे समयसूचक! त्यांनी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं माती तासली आणि मॉडेल आत. संचालक खूश. आमच्या विभागाच्या साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. झालं, आता ती रुंदी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"साहेब, अहो, दार काढायचं होतं, गाडी कशाला तासलीत?"

"मॅडम, तुम्हाला सगळ्यात खोट दिसते. कशी चपळ दिसतेय बघा!"

चपळ तर होतीच. उलटायला तिला वेळच लागणार नव्हता.

नमुन्याची गाडी तयार झाली. एका बाजूनं उचलत नेता येणाऱ्या लोखंडी पाटावर तिला चढवलं आणि स्वार म्हणून सीटवर वाळूचं पोतं बांधलं. पाट चांगला तिरका झाला तरी गाडी जागची हलली नाही. टाळ्या! "अहो, पोतं बसलंय!" मी ओरडले. "माणूस असल्या गाडीवर उभा राहतो, सगळा भार वर जातो!" पण पोत्याची काही तक्रार नव्हती, मग माझी कोण ऐकतो?

आणि ही गाडी डोंगरउतारावर पहिल्यांदा पळवणार कोण, तर टोळ. माझा धाकटा भाऊ, कंपनीचा चाचणी-स्वार. लहानपणापासून नुसत्या उड्या, म्हणून टोळ. नाही म्हण म्हटलं, तर "ताई, डोकं नको खाऊस," म्हणाला. मी रात्री पुन्हा गणितं मांडली; उत्तर तेच, गाडी उलटणार.

मग मला साहेबांची फोटोची हौस आठवली.

"साहेब, जाहिरातीत तुम्हीच हवे. कलत्या पाटावर, गाडीवर उभे. काय रुबाब दिसेल!"

साहेब गॉगल लावून हजर. गाडीला खालून पट्टे बांधले, साहेबांना वरून दोर. पाट कलू लागला. "अजून, अजून," साहेब म्हणाले. पोत्याच्या वेळेच्या निम्म्यानंही पाट कलला नव्हता, तेवढ्यात वरच्या बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली.

"अगं आई गं!"

गाडी पट्ट्यांनी धरली, साहेब दोराला लोंबकळले, गॉगल खाली.

"कुणी केली ही अरुंद?" पाय जमिनीला लागल्यावर साहेब गरजले. कलाकार छताकडे बघायला लागले.

चाकं मुकाट्यानं परत लांब गेली. साहेबांनी स्वतः जिवावर उदार होऊन दोष शोधला, असं कंपनीनं जाहीर केलं. केलं तर केलं.

चाचणीच्या संध्याकाळी टोळ तोंड वाकडं करूनच घरी आला.

"कशी आहे रे?" मी विचारलं.

"कंटाळवाणी," तो बूट काढत म्हणाला. "उतारावर कितीही वाकवली तरी पडतच नाही गं, ताई."

मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिथंच, त्याच्या चिखलाच्या बुटांशेजारी बसून हमसून हमसून रडले.