माडीवरली राजकन्या

सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडू नये आणि सासऱ्यानंही तिच्याशी थेट बोलू नये, ही पिंपळगाव रेणुकाईच्या काकासाहेबांच्या घरची रीत. नव्वद सालापासून बालवाडी मात्र त्यांच्याच ओसरीत भरायची. सून उषा शिकवायची. अंगणाबाहेर पाऊल टाकायचं न्हाई, या बोलीवर.

आज अंबडहून बालवाड्यांची तपासणी करणाऱ्या रजनीताई आल्या होत्या. बाहुल्यांच्या खेळातून पोरांना गोष्ट सांगणारी बाई त्यांना शिबिरासाठी निवडायची होती. उषाला जायचं होतं. लग्न झाल्यापासून ती एसटीत बसली ती फक्त माहेरासाठी, तेही सासूच्या मांडीला मांडी लावून.

दोन खांबांना जुनं लुगडं बांधून ती आडोशाला बसली. फाटक्या मोज्याची राजकन्या, ज्वारीच्या धाटाचे हात, खोक्याची माडी. पोरं सरकत सरकत पुढं आली. राक्षसानं राजकन्येला माडीत कोंडलं, आणि तेवढ्यात काकासाहेब खोकत येऊन बाजेवर टेकले.

उषानं वाक्य अर्ध्यावरच तोडलं. राजकन्या नुसतेच हात हलवू लागली.

"अगं बया, राजकन्या मुकी झाली!" पोरं ओरडली.

"राक्षसानं जीभ खाल्ली तिची!"

रजनीताई चुळबुळल्या. मी कुठं बोलून राह्यले, ही बाहुली बोलून राह्यली, असं मनाला समजावत उषानं नाकातून बारीक सूर काढला:

"माडी माझी उंच गं, जिना तिला न्हाई,
वाऱ्या, माझा निरोप ने, वाट पाही आई."

पोरं डोलू लागली. काकासाहेबांची मानही डोलली.

"काकासाहेब, हिला आठ दिवस अंबडला पाठवा," रजनीताई म्हणाल्या.

राजकन्या हळूच बाजेकडं वळली. "जाऊ का, मामंजी?"

काकासाहेब खुशीत आले. पुढं वाकून बाहुलीलाच म्हणाले, "राजकन्येबाई, गळा बराबर हाय तुमचा. पर माडीत काय कमी हाय? खायला हाय, ल्यायला हाय, पोरं हायेत. अंबडच्या बायांना शिकायचं आसंल तर त्यांनी हितं यावं!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. रजनीताई कसनुसं हसल्या आणि पिशवी उचलू लागल्या.

"मंग ती उतरली का न्हाई?" चिमुकल्या नंदानं विचारलं.

उषाचा हात भरून आला होता. तिनं तो खाली घेतला. राजकन्या लुगड्याआड गेली. मग आडोशातून भरड, जाडसर, तिचा स्वतःचा आवाज आला:

"न्हाई उतरली. उतरू देत न्हाईत तिला."

बाज करकरली. काकासाहेबांनी उत्तराला तोंड उघडलं, पण समोर आता बाहुली नव्हती. लुगड्यामागं होती ती सून.