माझ्या काचेवरचा चिखल

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा डावा डोळा आहे. हो, डोळाच! दुकानात मला हेडलाईट म्हणतात, पण गाडीसमोर उभं राहून तुम्ही कधी नुसती गाडी बघितली आहे का? तुम्हाला चेहराच दिसतो. दोन दिवे म्हणजे डोळे आणि मधली जाळी म्हणजे तोंड. ठाण्याला कोपरीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लहान मुलं रोज हाच खेळ खेळतात. "ही गाडी चिडलीय." "ही झोपलीय." आणि माझ्यासमोर आली की सगळी एकदम ओरडतात, "ही रडून आलीय!"

मी त्यांच्यावर रागावत नाही. मला ज्यांनी कागदावर आखलं त्यांनीच मला मोठं, गोलसर आणि बाहेरच्या कोपऱ्याला थोडं उतरतं केलं. तेव्हा गाड्या अशाच असायच्या, साध्या तोंडाच्या. आताच्या नव्या गाड्या बघा! डोळे बारीक, भुवया ताणलेल्या. जणू घरून निघतानाच कुणीतरी त्यांना चिडवलं आहे. त्यात माझी प्लास्टिकची काच वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून पिवळट पडली. मग मी रडवा दिसणार नाही तर काय!

पण चेहरा ही बाहेरची गोष्ट झाली. माझं खरं काम आत चालतं. माझ्या आत एक चकचकीत वाटी आहे आणि तिच्यात छोटा बल्ब. बल्बमधली तार नेमकी ज्या जागी पेटते, त्या जागेसाठीच ही वाटी घडवलेली आहे. तारेचा उजेड वाटीवर आपटतो, वळतो आणि पुढे रस्त्यावर उतरतो. उजवीकडे, म्हणजे समोरून गाड्या येतात त्या बाजूला, तो खालीच राहतो. डावीकडे मात्र थोडा वर चढतो, कारण डावीकडे रस्त्याच्या कडेने माणसं चालत असतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि कडेने चालणाऱ्याला विसरायचं नाही, एवढीच माझी शिकवण. हा भित्रेपणा आहे असं मला कधीच वाटलं नाही. लोकांना मात्र वाटायचं.

माझे मालक प्रशांतकाका. गाडी कायम तेच चालवायचे. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायचे, कुंकवाचं बोट लावायचे आणि म्हणायचे, "बघ हं, लक्ष ठेव." मग एके दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात सावरला, पण डावा पाय ऐकेना. डॉक्टर म्हणाले, "आता व्यायामच औषध. एक दिवसही चुकवू नका. हे पहिले काही महिने हातचे गेले, तर पुढे चालणं कठीण आहे."

व्यायामाचं केंद्र होतं घोडबंदर रोडला. रिक्षात काकांना नीट बसता येईना आणि बसमध्ये चढता येईना. मग हेमांगीकाकूंनी कपाटातून लायसन्स काढलं. ते लग्नाआधीचं होतं, नूतनीकरण करून करून नुसतं जपलेलं! काकू रोज ऑफिसातून यायच्या, काकांना पुढच्या सीटवर बसवायच्या, पट्टा लावायच्या आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं पकडायच्या की जणू ते पळून जाणार आहे.

मित्रांनो, त्या रस्त्यावर आमचं काय व्हायचं म्हणून सांगू! कापूरबावडीच्या नाक्यावर सगळे आमच्या पुढ्यात घुसायचे. टेम्पो घुसायचा, बाईकवाले घुसायचे, एकदा तर घोडा नसलेली जुनी व्हिक्टोरिया बग्गीच टोइंगच्या गाडीवर चढून आमच्या पुढे गेली. काकू ब्रेक दाबत राहायच्या. त्यांचे हात थरथरायचे ते मला बॉनेटच्या खालीसुद्धा कळायचं.

"हेमा, जाऊ दे त्यांना. आपण पोचतोय ना?" काका म्हणायचे.

"पोचतोय रे, पण रोज वाटतं की आज शेवटचं. उद्या माझ्याच्याने नाही होणार."

मागच्या सीटवर त्यांची मुलगी आसावरी बसलेली असायची. कॉलेजचं पहिलं वर्ष, बोलणं फटाफट. ती म्हणाली, "आई, प्रॉब्लेम तुझा नाहीच आहे. प्रॉब्लेम आपल्या गाडीच्या तोंडाचा आहे. ते तोंड बघूनच लोकांना कळतं की ही काही बोलणार नाही. घुसा!"

"मग काय करू? गाडीला मिशा लावू?" काका हसत म्हणाले.

"मिशा नाही बाबा. भुवया!"

आणि ते तिने खरंच केलं. शनिवारी दुपारी काकू तिला कॉलेजमधून घ्यायला आल्या, तेव्हा तिथूनच तिने आम्हाला साकेत नावाच्या दुकानदाराकडे नेलं. त्याने माझ्या कपाळावर तिरकी काळी पट्टी चिकटवली, म्हणजे मी रागावलेला दिसावा. मग माझा जुना बल्ब काढून पांढराशुभ्र एलईडी बसवला.

"हे चालतं ना पण? म्हणजे पोलीस वगैरे?" आसावरीने विचारलं.

"अगं, चालत नाही तसं. कंपनीने दिलंय त्याच्यात असा बदल नाही करायचा, कायदाच आहे. पण सगळेच लावतात. पकडतं कोण?" साकेत हात पुसत म्हणाला. "उलट आता बघ, लोक बाजूला होतील. एकदम कडक लुक!"

मी आतून ओरडत होतो. माझी वाटी तारेसाठी घडवली होती. या नव्या बल्बचा उजेड त्या जागी नव्हताच, भलतीकडूनच पेटत होता. वाटीला बिचारीला काही कळेना. ती उजेड वर फेकू लागली, उजवीकडे फेकू लागली, झाडांवर, बाल्कन्यांवर, लोकांच्या तोंडांवर! माझी खाली ठेवलेली नजर कुणीतरी हनुवटी धरून वर केली होती.

आणि गंमत बघा, लोक खरंच बाजूला होऊ लागले. समोरून येणारे थांबायचे. काही जण लांबूनच दिव्यांची उघडझाप करायचे.

"बघ आई, बघ! सलाम ठोकतायत आपल्याला! याला म्हणतात इज्जत!" आसावरी मागून टाळ्या वाजवायची.

काकूंना सुरुवातीला बरं वाटलं. त्यांच्या पाठीचा ताठरपणा थोडा सैल झाला. काका मात्र एकदा म्हणाले, "ते सलाम नाहीत गं, आसू. त्यांना दिसत नाहीये म्हणून ते सांगतायत."

"बाबा, तू प्लीज आईचा कॉन्फिडन्स घालवू नकोस हं."

काकांनी विषय सोडून दिला. बायको त्यांच्यासाठी रोज या रस्त्यावर उतरत होती. तिचे हात थरथरायचे थांबले होते. दिवे परत बदला, असं कोण म्हणणार?

मग ती संध्याकाळ आली. व्यायामाहून परत येताना स्टेशनच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती, म्हणून काकूंनी खाडीकडून जाणारा अरुंद रस्ता धरला. दिवेलागण झाली होती. समोरून डोक्यावर रिकामी पाटी घेऊन मालूताई येत होत्या. कोळीवाड्यातल्या मालूताई, आमच्याच सोसायटीच्या फाटकाशी मासळी विकणाऱ्या. त्या आमच्या उजव्या हाताला, गटाराच्या कडेने चालत होत्या. एरवी माझा उजेड त्यांच्या पावलांच्या वर चढलाही नसता. त्या दिवशी तो थेट त्यांच्या डोळ्यांत गेला.

त्यांनी हात कपाळावर धरला आणि बाजूला सरकल्या. मित्रांनो, त्या बाजूला झाल्या! जसे सगळे होत होते. पण तिथे गटारावरची फरशी नव्हती.

पाटी आधी पडली, मग त्या.

काकूंनी करकचून ब्रेक लावला. आसावरी धावली. गटारातून आवाज आला, "कोन हाय? अगो, तो लाईट बंद करा आधी! डोल्यापुढं सगला पांढराफटक झायलाय, मना काय दिसत नाय!"

काकूंनी मला विझवलं आणि त्याही खाली उतरल्या. दोघींनी मिळून मालूताईंना वर ओढलं. मनगट मोडून त्यांचा हात वेगळाच लोंबत होता. काका आतून दार उघडायला धडपडत होते, पाय उचलायला बघत होते, आणि पाय उचलत नव्हता.

"ही तुमची गारी?" मालूताईंना आता दिसायला लागलं होतं. "हेमांगीताय? मना वाटला, कुनी मोठा ट्रकवाला हाय."

काकू रस्त्यातच खाली बसल्या. "मी नाही चालवणार आता. आसू, रिक्षा बघ. मी या गाडीला परत हात लावणार नाही, कधीच नाही."

आसावरी नाक्यापर्यंत पळत गेली आणि पळत परत आली. एकही रिक्षा रिकामी नव्हती. मालूताईंचे ओठ पांढरे पडत चालले होते.

काका खिडकीतून म्हणाले, "हेमा, तुलाच न्यावं लागेल."

"हे दिवे लावून? आणखी कुणाला पाडू? आणि दिवे न लावता मला दिसणार कसं?"

"आमच्या लहानपणी गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा. उजेड वर जाऊ नये म्हणून."

"रंग कुठून आणू आता, प्रशांत?"

त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत गटाराचा काळा चिखल लागला होता. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या, आणि तो चिखल त्यांनी माझ्या काचेवर फासला. वरून अर्ध्यापर्यंत, दोन्ही हातांनी, जाडजाड. मग माझ्या उजव्या भावालाही. आसावरीने नखांनी ओरबाडून आमच्या भुवया काढल्या. ती रडत होती, पण हात थांबले नव्हते.

मला आयुष्यात किती माळा घातल्या, किती कुंकू लावलं. पण त्या चिखलाएवढा मान मला कधी मिळाला नाही.

त्या अर्ध्या उजेडात काकूंनी गाडी चालवली. हळू, अगदी डाव्या कडेने. मागचे हॉर्न वाजवत होते, एक जण ओरडूनही गेला, "ओ काकू, शाळेत जा आधी!" पुढ्यात तर सगळेच घुसले. काकूंनी प्रत्येकाला जाऊ दिलं. मी त्यांचा हात थरथरण्याची वाट बघत होतो. तो थरथरलाच नाही.

"दुखतंय का हो फार, मालूताई?"

"दुखंल नाय तं काय! पन तू पुढं बग, माझेकडं नको बगू."

हॉस्पिटलात विचारलं की कसं लागलं. मालूताई म्हणाल्या, "पाय सरकला." काकू म्हणाल्या, "नाही. आमच्या गाडीच्या दिव्यामुळे त्यांना दिसलं नाही. दिवे आम्ही बदलले होते." त्यांनी पोलिसांनाही तेच सांगितलं. जो काही दंड व्हायचा तो झाला, समज मिळाली. मालूताईंच्या उपचाराचं सगळं काकू-काकांनी पाहिलं. पण प्लास्टरमधल्या हाताने मासळी कोण कापणार? मालूताईंच्या जावेने कापली, आणि पाटी उचलायला रोज सकाळी कॉलेजच्या आधी आसावरी जाऊ लागली.

"हिला सुरमई नि बांगडा कलत नाय," मालूताई गिऱ्हाइकांना सांगायच्या, "पन आवाज बगा कवरा मोठा हाय! लांबनाच लोकं गोला होतान."

दुसऱ्याच दिवशी दुपारी मला पुन्हा जुन्या मापाचा बल्ब मिळाला. तो आत बसला तेव्हा माझ्या वाटीने सुटकेचा श्वास टाकला म्हणा ना! माझी पिवळट काच घासून पारदर्शक केली. यात कायद्याचं काही बिघडत नाही बरं का, आणि निम्मं अंधुकपण त्यानेच जातं. मग गाडी भिंतीसमोर उभी करून माझी नजर नीट खाली उतरवून घेतली. लहान मुलं अजूनही मला बघून म्हणतात, "रडून आलीय!" म्हणू देत.

घोडबंदर रोडवर आजही लोक आमच्या पुढ्यात घुसतात. काकू म्हणतात, "जा बाबा, जा, तुझी भाजी जळत असेल." आणि गियर बदलतात. एकही दिवस व्यायाम चुकला नाही. त्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या गाड्या चालवाल, दिवे निवडाल. गाडीचा चेहरा तुम्हाला साधा वाटला तर वाटू दे. तिच्या डोळ्यांत परका उजेड भरू नका. माझी काच पुसत जा, माझी नजर तपासत जा. आणि समोरचा बाजूला झाला, तर तो मान देतोय की त्याला दिसेनासं झालंय, एवढं एकदा थांबून बघा. आमचा उजेड रस्ता दाखवायला आहे. कुणाला रस्त्यातून हटवायला नाही.

परवा संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या फाटकापाशी आलो, तेव्हा प्रशांतकाका म्हणाले, "हेमा, इथेच थांब. मी चालत जातो."

"एकटा?"

"काठी आहे ना. तू फक्त दिवे चालू ठेव."

ते उतरले. दाराला धरून उभे राहिले, मग दार सोडलं. माझ्या समोरून, फाटकापासून जिन्यापर्यंत, ते चालत गेले. डावा पाय थोडा घासत होता, पण पुढे पडत होता. मध्येच थांबून त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, डोळ्यांवर हात न धरता. माझा सगळा उजेड त्यांच्या पावलांवर होता.