पेंढ्यातले चिकू

अण्वानंद महाराज पूर्वाश्रमी वापीला रंगाचे डबे विकत. रंगात राम नाही असं दिसल्यावर ते क्वांटममध्ये आले. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात डहाणूत त्यांची व्याख्यानं झाली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "सायन्सनं सिद्ध केलंय, बघितल्याशिवाय काहीच घडत नाही. दुःखाकडे बघूच नका. ते उरतच नाही."

गावाला हे लगेच पटलं. गटारांच्या बाबतीत हा प्रयोग आम्ही कित्येक वर्षं करतच होतो.

पटलं नाही ते दशरथ सरांना. सर तलासरीला फिजिक्स शिकवत आणि नकला फर्मास करत. छातीत जरा कळ आली की अंगारा लावून डॉक्टरकडे पळणाऱ्या माणसाची त्यांची नक्कल बघून माणसं हसून हसून खुर्चीवरून पडत. त्यांची बायको मुक्ता रेल्वेच्या बुकिंगला होती. ती मात्र रोज महाराजांसमोर पहिल्या रांगेत.

"तू तर सत्यनारायणालासुद्धा शिऱ्यासाठी जातेस," सर म्हणाले.

"इथे शिराही नाही, तरी जातेय. बघा आता."

सर हसले.

शेवटच्या दिवशी सर चिकूची पेटी घेऊनच हॉलमध्ये गेले. "महाराज, कच्चे चिकू पेंढ्यात घालून आठवडाभर बंद ठेवलेत. कुणी उघडलं नाही. आत काय असेल?"

महाराजांनी डोळे मिटले. "पिकलेलेही आणि कच्चेही. आपण बघू, तेव्हा ठरेल."

"मग हा वास कुणाचा?"

वास मघापासून हॉलभर सुटला होता. हशा थांबेचना. सरांनी पेटी उघडली. अर्धे चिकू पिकून आंबले होते.

"अहो, त्या शास्त्रातलं बघणं म्हणजे डोळे लावून बसणं नव्हे," सर म्हणाले. "कशाचा तरी कशाला धक्का लागला की झालं बघून. एखाद्या अणूला एकटा गाठणंच मुश्कील, हा तर ढळढळीत चिकू! त्याला हवा बघते, पेंढा बघतो. आपल्या मनाला विचारायला कोण थांबतंय?"

बाहेर पडताना शेजारच्या दक्षाबेन म्हणाल्या, "सर, तुमी तर महाराजला धुऊनच टाकला!"

घरी जाताना मसोलीच्या वळणावर मुक्ता थांबली. "महाराजांचं खरं निघालं असतं तर बरं झालं असतं."

"का गं?"

तिनं सरांचा हात धरून पदराआडून काखेखाली नेला. "गणपतीत वाटाण्याएवढी होती."

सरांच्या बोटांना लागली ती गाठ लहान चिकूएवढी होती.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घाबरलेल्या माणसाची नक्कल फार छान करता," मुक्ता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर तपासणीचा निकाल घेऊन आले, तेव्हा सर पटकन उठून उभे राहिले. "डॉक्टर, एक मिनिट. लगेच नका सांगू."

मुक्तानं त्यांची बाही ओढली. "बसा हो. पेंढ्यानं कधीच बघितलंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. सर बसले.

पुढच्या हंगामाचे चिकू उतरायला लागले तेव्हा मुक्ता नव्हती.

महाराज मात्र पुन्हा आले. लोक सरांच्या मागे लागले, पेटी आणा, मजा येईल. सर रिकाम्या हातानं आले आणि पहिल्या रांगेत मुक्ताच्या खुर्चीवर बसले. "दुःखाकडे बघू नका," महाराज म्हणाले, आणि सरांनी हात वर केला. हॉल आधीच हसायला लागला.

सर लोकांकडे वळले. "इथे कुणी घाबरलेलं असेल तर उद्या सकाळी घरी या. डॉक्टरकडे मी सोबत येईन." मग जरा थांबून म्हणाले, "नक्कल करणार नाही."

कुणीच हसलं नाही. सरांची पूर्वीची गंमत गेली, असं लोक जाताना म्हणाले.

सकाळी सर आंघोळ करून ओट्यावर बसले. चहा निवून गेला, ऊन पायरीवर आलं, तेव्हा दक्षाबेन आल्या. पदर मुठीत घट्ट.

"सर, मला काय नाय हां. माझ्या बहिणीला आहे."

दक्षाबेनना बहीण नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चपला घातल्या.