दप्तरातून नेलेली पटाशी

सुताराच्या पेटीत चपट्या धारेचे, लाकडी मुठीचे एक हत्यार असते. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, ठोका बसला की ते लाकडात चौकोनी खाच पाडते. ते हत्यार म्हणजे मी, एक जुनी पटाशी. मित्रांनो, माझ्या पात्यावर आता गंजाचे डाग आहेत आणि मुठीला चीर गेली आहे. पण थोडा वेळ बसाल तर माझ्याकडे सांगण्यासारखे आहे.

एका लोहाराने मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला घडवले. तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले आणि म्हणाला, "ही नातवापर्यंत पुरेल." मला घेणाऱ्या सुताराचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्याने आपल्या तळव्याच्या मापाने माझी मूठ स्वतः घडवली. पुढची पंधरा वर्षे आम्ही दोघांनी दारे केली, खिडक्या केल्या, पाळणे केले, शाळेची बाके केली. गिऱ्हाईक सांध्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "काय जुळलंय! केससुद्धा जाणार नाही मधून." सुतार मिशीत हसायचा आणि मीही आतल्या आत फुलून जायचे.

घराच्या पुढच्या खोलीत काम चाले, मागच्या खोलीत संसार. सुताराची बायको शिलाईच्या कारखान्यात सकाळी जाई ती दिवेलागणीला परते. मुले दोन. थोरली तेरा वर्षांची. भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून सगळी गल्लीच तिला ताई म्हणायची. धाकटा आठ वर्षांचा, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून तो बारक्या. मला धार लावताना ताई बापाशेजारी येऊन बसायची. "धारेपुढे हात नाही," सुतार तिला सांगायचा. "आपलाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही."

दोन गल्ल्या पलीकडे एक चौदा वर्षांचा मुलगा मामाकडे राहायचा. उंच होता, म्हणून त्याला लांब्या म्हणत. शाळा सुटली की तो बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीवर बसून बारक्याची वाट पाहायचा. सुरुवातीला त्याची टोपी पळवायची, दप्तर चिखलात फेकायचे, एवढेच होते. मग चापट्या सुरू झाल्या. एके दिवशी तर त्याने बारक्याचे डोके पाण्याच्या पिंपात दाबून धरले आणि मोठमोठ्याने वीसपर्यंत अंक मोजले. त्यानंतर बारक्या झोपेत अंथरूण ओले करू लागला. सकाळ झाली की त्याचे पोट दुखायचे.

त्याने हे फक्त ताईला सांगितले. ताईने शाळेत बाईंना सांगितले. बाई वह्या तपासत म्हणाल्या, "पोरं आहेत, मस्ती करणारच. इतकं मनाला लावून घेऊ नये."

मग ती बापाकडे आली. मी तेव्हा त्याच्या हातातच होते.

"बाबा, तो लांब्या बारक्याला मारतो. पाण्यात बुडवलं त्याला."

"मग दुसऱ्या रस्त्यानं जात जा ना." दुसऱ्या दिवशी चार खिडक्या द्यायच्या होत्या, त्याने मान वर केली नाही. "कशाला त्याच्या नादी लागता?"

"बाबा, दुसरा रस्ताच—"

मोगरीचा ठोका माझ्या डोक्यावर बसला आणि तिचे पुढचे शब्द त्या आवाजात विरून गेले.

खिडक्या पोचवायला सुतार बाहेर पडला, तेव्हा ताईने मला फडक्यात गुंडाळून दप्तरात टाकले. मित्रांनो, खरे सांगते, मला काहीच शंका आली नाही. वाटले, शाळेतले एखादे बाक डुगडुगत असेल.

दुपारी शाळा सुटली. गिरणीमागे लांब्याने बारक्याची मानगूट धरलेली होती. ताई धावत गेली.

"सोड त्याला!"

"नाहीतर काय करशील गं?"

तिने फडके सोडले आणि मला पुढे धरले. तिने माझी मूठ दोन्ही हातांनी आवळली. लांब्या हसला. हसत हसतच त्याने तिचे मनगट पकडायला हात घातला. तिने जोर लावला, त्याने ओढले, आणि मी त्याच्या उजव्या हातात, मनगटाच्या जरा वर, शिरले.

मी आयुष्यभर कठीण लाकडे कापली होती. इतके मऊ मी कधी कापले नव्हते.

"आई गं!" लांब्या ओरडला. त्याला आई नव्हती, तरी तो तिलाच हाक मारून ओरडला. मग खाली बसला. एवढा दांडगा मुलगा, पण त्या क्षणी तो बारक्याएवढाच दिसत होता. ताईने मला टाकले आणि तेच फडके त्याच्या हातावर दोन्ही हातांनी दाबून धरले. "बारक्या, पळ! कुणालातरी आण!"

लांब्याचे ओठ पांढरे पडले होते. तो सारखा एकच म्हणत होता, "मामाला सांगू नका. पाया पडतो, मामाला सांगू नका."

पोलिसांनी मला कापडात बांधून लाख लावली आणि चिठ्ठीवर लिहिले, 'हत्यार'. सुतारही मला हत्यारच म्हणायचा. तोच शब्द, पण त्या दिवशी तो मला सोसवेना. ज्या कपाटात मला ठेवले तिथे एक पट्टा होता, एक धोंडा होता, भूमितीच्या पेटीतले एक कर्कटक होते. बहुतेकांना लहान हातांनीच उचलले होते. आम्ही अख्खा पावसाळा तिथे पडून राहिलो. माझी धार गेली, गंज चढला, त्याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटायचे ते सुट्टीच्या दिवशी बाहेरून खेळणाऱ्या मुलांचा आवाज आला की.

मुलांच्या न्यायालयात मला एका टेबलावर ठेवले. ताई एका बाजूला बसली होती, लांब्या दुसऱ्या बाजूला. त्याचा हात अजून पट्टीत होता आणि दोन बोटे वळत नव्हती. डॉक्टरबाई सांगू लागल्या, "हातावर ही एक जखम. पण तपासताना शर्ट काढला, तेव्हा पाठीवर अकरा जुने व्रण दिसले. पट्ट्याच्या बकलाचे आहेत."

न्यायाधीश बाईंनी लांब्याला विचारले, "हे कुणी केलं, बाळा?"

"मामानं," तो म्हणाला. "पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीच बघितलं."

"आणि तू बारक्याला का मारायचास?"

"माहीत नाही." मग तो म्हणाला, "तो रडायचा. मला रडता येत नाही घरी."

ताईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मी फक्त घाबरवायला नेली होती."

"ते खरं असेल," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "पण त्याचा हात आता पहिल्यासारखा होणार नाही. तेही खरंच आहे ना?"

"हो," ताई म्हणाली. इतक्या हळू, की लिहून घेणाऱ्याला पुन्हा विचारावे लागले.

तेव्हा मागे बसलेला सुतार उठला. त्याला कुणी बोलावले नव्हते. "बाई, पोरीनं मला सांगितलं होतं. मी म्हणालो, दुसऱ्या रस्त्यानं जा. दुसरा रस्ताच नाहीये तिथं. मला ठाऊक होतं." एवढे बोलून तो खाली बसला आणि टोपी चुरगाळत राहिला.

ताई आठ महिने मुलांच्या निरीक्षणगृहात राहिली. मामावर वेगळा खटला उभा राहिला आणि लांब्या दूरच्या गावी आत्याकडे गेला. मला सुताराच्या ताब्यात दिले. त्याने मला घरी आणले, पण पेटीत ठेवले नाही. वरच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागे टाकले. त्याने दुसरी पटाशी आणली. ताई घरी परतली आणि पुन्हा बापाशेजारी बसू लागली. आता ती काही सांगायला आली की सुतार काम थांबवायचा. कधीकधी ती नुसते "भूक लागली" एवढेच सांगायची, तरी तो थांबायचा.

गिरणीमागच्या त्या दुपारनंतर चार वर्षांनी, एका रविवारी लांब्या दारात उभा राहिला. मिशी फुटलेली, उजवा हात खिशात. ताई रंधा मारत होती. तिने रंधा बाजूला ठेवला.

"हात कसाय?" तिने विचारले.

"डाव्यानं लिहितो आता. अक्षर आधीही कुत्र्याचे पाय मांजराला असंच होतं." तो किंचित हसला. "बारक्या आहे का? त्याच्याशी बोलायचं होतं."

बारक्या मागच्या खोलीत होता. बारा वर्षांचा झाला होता. आवाज ऐकताच त्याने दाराला आतून कडी घातली. ताई दाराशी गेली, परत आली आणि नुसती मान हलवली.

"बरोबर आहे त्याचं," लांब्या म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

कडी निघाली ती अर्ध्या तासाने. "गेला?" बारक्याने विचारले. "परत येणार आहे?"

"तू म्हणालास तरच."

बारक्याने खूप विचार केला. "आज नको," तो म्हणाला.

मित्रांनो, मला यापुढचे ठाऊक नाही. पण तुमचे डोके कुणी पाण्यात दाबत असेल तर सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, सांगतच राहा. आणि तुम्हीच भिंतीवर बसून एखाद्या लहानग्याची वाट पाहत असाल, तर तुमच्या पाठीवर काय आहे तेही कुणाला तरी दाखवा. फक्त मला दप्तरात घालू नका. मला थांबता येत नाही. ज्याने धरले त्यालाच थांबावे लागते, आणि तेरा वर्षांच्या हाताला ते फार जड जाते.