गुलाबी फडकं

"सर, भोक तिथं नाय," नथू म्हणाला.

किशोर सर गुडघ्यांवर बसून यानाच्या शेपटीला तिसऱ्यांदा चिकटपट्टी गुंडाळत होते. पट्टी ओल्या पत्र्यावर बसत नव्हती. सरांनी मान वर न करता विचारलं, "पाणी कुठून ठिबकतंय?"

"शेपटीतून."

"मग भोक कुठं असणार?"

सर पुढं म्हणाले, "मुरबाडपासून हे तुझ्याच मांडीवर होतं ना? नीट धर म्हणून दहा वेळा सांगितलं होतं. आता निदान फडकं तरी मार इथं. टेबलाचं तळं झालंय."

नथूनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि टेबल पुसायला घेतलं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला तेव्हा हे सर बिगरीतही गेले नसतील. पण सर बी.एस्सी. झालेले आणि नथू सातवी पास, त्यामुळे कोणी कोणाला काय म्हणायचं हे ठरलेलंच होतं.

शहापूरच्या शाळेचा मोठा हॉल विज्ञान प्रदर्शनाला आलेल्या जिल्ह्यातल्या पोरांनी गजबजला होता. कुठं ज्वालामुखी धुमसत होता, कुठं पवनचक्की फिरत होती. मुरबाडच्या टेबलावर मीर हे रशियाचं अंतराळ स्थानक होतं, आणि त्याला नाक लावून एक छोटं यान जोडलेलं होतं. स्थानक प्लॅस्टिकच्या पाइपांचं, यान पावडरच्या डब्याचं. नववीतल्या रविनानं ते चार महिने खपून बनवलं होतं. मागच्या वर्षी मीरवर थंडाव्याचं द्रव वाहणाऱ्या नळ्या गळू लागल्या आणि वरची माणसं दिवसेंदिवस भोकं शोधत बसली, ही बातमी सरांनी कापून प्रयोगशाळेच्या दाराला चिकटवली होती. रविनानं ती इतक्या वेळा वाचली की तिला ती तोंडपाठ झाली. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

यानात एक बल्ब जळत असे. तो म्हणजे आतल्या माणसांची आणि यंत्रांची उष्णता. सलाइनच्या नळीतून पाणी यानात जाई, उष्णता घेई, आणि स्थानकावरच्या पत्र्याच्या पंखांत जाऊन निवे. पाणी फिरवायला भंगारातल्या जीपची, काचेवर पाणी मारणारी छोटी मोटार होती. यानाच्या पोटात नथूनं स्वतः निवडून दिलेला थर्मामीटर खोचलेला होता. प्रयोगशाळेतले सगळे थर्मामीटर त्यानं एकदा उकळत्या पाण्यात धरून पाहिले होते. बरोबर शंभर दाखवणारा हा एकच निघाला. पाणी फिरत असलं की पारा चौतीसवर थांबायचा. आता तो एकेचाळीसवर होता आणि चढत होता. गळालेल्या पाण्याच्या जागी नळीत हवा शिरली होती. मोटार नुसती गुरगुरत होती.

परीक्षक बारा वाजता यायचे होते. पावणेअकरा झाले होते.

"नथूमामा," रविना हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिनं सांभाळला होता. "तुमी म्हनला भोक तिथं नाय. मग कुठं?"

"ता मला कुठं ठाव गो? पन आपल्या घराचं कौल फुटतं चुलीवर, नि पानी ठिबकतं ओटीवर. वाशावरनं घरंगळत येतं ना. तसंच हाय ह्ये. नळीवरनं सरकत सरकत खाली येतंय, नि शेपूट सगळ्यात खाली. म्हनून तिथं पडतंय."

सरांचे हात थांबले. सकाळी एस.टी.त म्हशाच्या बैलांच्या जत्रेहून परतणाऱ्या माणसांची ही गर्दी होती. वाटेतल्या किन्हवलीपर्यंत नथू मांडीवर यान घेऊन उभ्या माणसांच्या कोपरांपासून ते वाचवत बसला होता. बायको, गिरजा, चार दिवस बोलत नव्हती. लग्नापासून पहिल्यांदाच त्याची जत्रा चुकली होती. हे सगळं सरांना माहीत होतं. ते उठून उभे राहिले.

"बरं, शेपटीत नाही. मग सगळी नळी उघडून बघायची? तीन मीटर नळी आहे, वर चांदीचा कागद गुंडाळलेला. आणि सगळंच ओलं झालंय. कुठलं पाणी आतलं, कुठलं सांडलेलं, कसं कळणार?"

नथूनं हातातल्या फडक्याकडं पाहिलं. ओलं, मळकट फडकं. एका कोपऱ्याला जुना, धुवट गुलाबी डाग होता.

"आतल्या पान्याला वळख दिली तर कळंल," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजे... थांबा, मी आलोच. मोटार बंद ठेवा."

शहापूरच्या शाळेचा परिचर चंदर हॉलच्या मागच्या प्रयोगशाळेत खुर्चीवर पाय सोडून बसला होता. दोघांची ओळख जुनी. ठाण्याला एका प्रशिक्षणात दोघांनी तीन दिवस एका खोलीत काढले होते.

"काय रं नथू! जत्रा सोडून इथं कुठं? बैल नाय मिळाला म्हनून रॉकेट आनलंस काय?"

"रॉकेट गळतंय, चंदर. मला धुन्याचा सोडा दे, चमचाभर. गाळायचे कागद दे. नि फिनॉप्थेलीन."

चंदरनं पाय खाली घेतले. "रॉकेटात टायट्रेशन करतोस?"

"तसंच काय तरी. काचेची नळी पन दे, बोटाएवढी. नि तुझी कानस."

"अजून काय? माझी सायकल?"

"ती गळत नाय ना? मग ऱ्हाऊ दे."

चंदर हसत उठला आणि कपाट उघडलं.

नथूला ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. अकरावीच्या पोरांचं टायट्रेशन संपलं की टेबलं पुसायचं काम त्याचं. पोरं ब्यूरेटमधून, म्हणजे तोटीच्या लांब काचनळीतून, अल्कली सांडायची, शेजारी दर्शकाचे, म्हणजे फिनॉप्थेलीनचे, थेंब सांडायची. दोन्ही पाण्यासारखी, टेबलावर काही दिसायचं नाही. पण ओलं फडकं फिरवलं की दोघं एकत्र येत आणि फडक्यावर गुलाबी फूल उमले. ज्या ब्यूरेटखाली ते उमले तिची तोटी गळकी. पुढं पुढं तो प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मुद्दाम दर्शकाचा थेंब लावलेला कागद घेऊन सगळ्या तोट्या तपासू लागला. गळकी ब्यूरेट वर्गाला मिळायचीच नाही. तीन सर येऊन बदलून गेले. आपल्या शाळेच्या ब्यूरेटी इतक्या चांगल्या कशा, असं कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

परत आल्यावर त्यानं भराभर कामाला हात घातला. गाळण-कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, दर्शकात बुडवल्या आणि फुंकर घालून वाळवल्या. ते औषध स्पिरिटातलं, लगेच वाळलं. कागद पांढरेच्या पांढरे राहिले. सोडा पाण्यात विरघळवून त्यानं मोटारीला जोडलेली पाण्याची बाटली काठोकाठ भरली.

"फडक्याच्याच पट्ट्या का नाय केल्या, मामा?" रविनानं विचारलं.

"फडकं साबनानं धुतलंय. त्याला औषध लावलं का ता आधीच गुलाबी व्हईल. मग ता भोक काय दाखवनार?"

पट्टी गुंडाळायला सरांनी हात पुढं केला. तिघांनी चांदीचा कागद उकलून नळीच्या प्रत्येक वळणावर, प्रत्येक जोडावर एकेक पट्टी बांधली. सांडलेल्या पाण्यानं काही पट्ट्या भिजल्या, पण पांढऱ्याच राहिल्या. नथूनं मोटारीची वायर बॅटरीला टेकवली.

शेपटीवरची पट्टी पांढरी. बल्बाजवळची पांढरी. यान जिथं स्थानकाला जोडलं होतं, त्या गळ्याजवळच्या पट्टीवर मात्र एक ठिपका उगवला. मोहरीएवढा, मग ज्वारीएवढा, मग पट्टीभर.

"आई गो!" रविना ओरडली. शेजारच्या ज्वालामुखीची पोरं वळून बघायला लागली.

डब्याच्या धारेवर घासून नळी चिरली होती. पंचेचाळीस किलोमीटर ती धार एकाच जागी घासत राहिली होती. नथूनं चिरलेला इंचभर तुकडा कापून टाकला. कानशीनं काचेची नळी खाचून मोडली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि दोन्ही टोकं तिच्यावर चढवली. डब्याच्या धारेवर रबराची कड बसवली. बारा वाजून पाच मिनिटांनी पारा चौतीसवर येऊन थांबला.

परीक्षक उशिरा आले, दोघं होते. त्यांतल्या बाई ठाण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. रविनानं न अडखळता सगळं सांगितलं. नथू नियमाप्रमाणं दोरीच्या पलीकडं उभा होता. दोरीच्या आत फक्त विद्यार्थी.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि गळती झाली तर?"

"सकाळी झालीच होती, मॅडम," रविना म्हणाली, आणि जीभ चावली. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आम्ही शोधून काढली."

"कशी? थेंब कुठं पडतो ते बघून?" बाई हसल्या. "इथं पडतो. वर अंतराळात पडत नाही. तिथं खाली असं काही नसतंच. पाणी नळीलाच चिकटून गोळा होऊन बसतं, भलतीकडं सरकतं. मग?"

रविनानं नळीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. शेवटी तिची नजर दोरीपलीकडं गेली. नथूच्या खांद्यावर फडकं होतं. त्याच्या कोपऱ्यावर गुलाबी डाग.

"आम्ही थेंब बघितलाच नाही, मॅडम," ती सावकाश म्हणाली. बोलता बोलताच तिला ते उलगडत होतं. "थेंब भलतीकडंच पडत होता. आम्ही जोडांवर दर्शकाचे कागद बांधले. पाण्यात सोडा आहे. भोकाजवळचा कागद गुलाबी होतो. त्याला पाणी पडायची गरजच नाही, नुसतं लागलं की झालं. म्हणजे... म्हणजे वरसुद्धा चालेल!"

बाईंनी चष्मा काढला. "हे कोणाला सुचलं?"

"नथूमामांना. ते आमचे परिचर."

"बोलव त्यांना आत."

"मॅडम, नियमाप्रमाणे..." दुसरे परीक्षक म्हणाले.

"गळती शोधायला तज्ज्ञ लागतो. या हो तुम्ही."

नथू दोरीखालून वाकून आत गेला. बाईंनी पदराची टाचणी काढली. "मी एक भोक पाडणार. तुम्ही दोघं तिकडं तोंड करा. आणि सर, तुम्ही हे उलटं धरा. वर नाही, खाली नाही, अंतराळच समजा."

किशोर सरांनी यान आणि स्थानक दोन्ही हातांनी उचललं आणि बारशातलं बाळ धरावं तसं जपून उलटं केलं. नथू आणि रविना भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मागं चांदीचा कागद चुरचुरला.

"मामा, नाय सापडलं तर?" रविना पुटपुटली.

"सापडंल. आपुन शोधायचं नाय, कागदच शोधतो."

"वळा," बाई म्हणाल्या.

यान उलटंच होतं. शेपूट आता छताकडं. गर्दी एवढी झाली होती की ज्वालामुखी एकटाच धुमसत राहिला. नथूनं चांदीचा कागद उकलला आणि खिशातून उरलेल्या पट्ट्या काढल्या; एक तो बांधी, एक रविना बांधी. त्याची बोटं घाई करत नव्हती. शेवटची पट्टी बांधून त्यानं वायर टेकवली.

एक, दोन, तीन... सगळ्या पांढऱ्या. गर्दीतून कोणी तरी "गेलं!" म्हणालं. सरांनी यान तसूभर हलू दिलं नाही.

मग स्थानकाच्या डाव्या पंखाखाली, जी बाजू आता छताकडं होती तिथं, एक ठिपका उगवला.

"ता बघा," नथू म्हणाला.

बाईंनी वाकून ती पट्टी उकलली. टाचणीचं भोक बरोबर ठिपक्याच्या मधोमध होतं. बाईंनी टाळी वाजवली. मग गर्दीनं वाजवली. मागून चंदरचा आवाज आला, "मुरबाडवाल्यांनी सोडा आमचा वापरला हां!" आणि सगळा हॉल हसला.

संध्याकाळी पहिला क्रमांक पुकारला, तेव्हा नथू चंदरच्या नळावर त्याचं भांडं विसळत होता. राज्याच्या प्रदर्शनासाठी रविनाचं नाव निघालं, मार्गदर्शक म्हणून सरांचं निघालं, आणि मग बाईंनी माईक स्वतःकडं घेऊन आणखी एक नाव सांगितलं. छापील कागदावर त्या नावासाठी रकाना नव्हता. भोंग्यातून ते नाव प्रयोगशाळेपर्यंत आलं. नथूनं नळ बंद केला. चंदर म्हणाला, "ऐकलंस? पूर्ण नाव घेतलं, बापासकट." नथूनं मान हलवली आणि पुन्हा नळ सोडला, भांड्याच्या तळाला अजून थोडा सोडा होता.

परतीच्या एस.टी.त यान सरांनी आपल्या मांडीवर घेतलं.

सोमवारी अकरावीचं टायट्रेशन होतं. पोरं टेबलांभोवती उभी होती. नववीची रविना उपकरणं परत करायला आली होती, ती दारात थांबली. नथू नेहमीसारखा कोपऱ्यातल्या कपाटाशी उभा होता. सरांनी फळ्यावर आकृती काढली, खडू खाली ठेवला आणि ते बाजूला झाले.

"ब्यूरेटची तोटी गळकी आहे का, हे आधी कसं तपासायचं," ते म्हणाले, "ते नथूभाऊ दाखवतील."

नथू पुढं आला. टेबलाच्या या बाजूला तो बावीस वर्षांत पुसण्यापुरताच उभा राहिला होता. त्यानं ब्यूरेट हातात घेतली, दुसऱ्या हातात पट्टी. तेवढ्यात खांद्यावरचं फडकं घसरायला लागलं, आणि दोन्ही हात गुंतलेले. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

रविना दारातून आत आली आणि तिनं ते फडकं हळूच त्याच्या खांद्यावरून काढून घेतलं.