अमुखाला दिलेला गळा

कादंबरीतल्या देवाला तोंड नव्हतं आणि सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच होतं.

देवाचं नाव अमुख. तीन जाडजूड भागांच्या त्या अद्भुत कादंबरीत तो डोंगराच्या पोटात झोपलेला असे. टाळी वाजली की जागा होई आणि स्वतःचं तोंड नसल्यामुळे, जवळपास जो कोणी मोठ्याने ग्रंथ वाचत असेल त्याच्या गळ्यातून बोले. घेतलेला गळा परत करण्याची पद्धत त्याच्याकडे नव्हती.

ही कादंबरी श्राव्य पुस्तकासाठी वाचण्याचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांना स्टुडिओत सगळे वाचनबाई म्हणत. बाईंनी आजवर मधुमेहावरची पुस्तकं वाचली होती, पुढाऱ्यांची आत्मचरित्रं वाचली होती आणि त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

स्टुडिओ म्हणजे कपाटाहून थोडी मोठी खोली. भिंतींना राखाडी स्पंज, समोर काच, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ. त्याला कानसेन म्हणत. वाचताना चूक झाली की बाईंनी टाळी वाजवायची. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत टाळीचा उंच सुळका उठतो, मग कानसेन नंतर नेमका तिथे जाऊन चूक कापून टाकतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. पण अमुख पहिल्यांदा जागा होतो त्याच पानावर बाई अडखळल्या, सवयीने त्यांनी टाळी वाजवली आणि त्यांचे हात तसेच जुळलेले राहिले.

"काय झालं?" काचेपलीकडून कानसेनने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. घसा मात्र खवखवला.

घाबरलेला माणूस जास्त अडखळतो आणि अडखळलं की टाळी. त्या दिवशी अमुखाला डोळा मिटायलासुद्धा सवड मिळाली नाही.

पुढच्या काही दिवसांत बाईंचा आवाज खरखरीत झाला. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. जे दिसत नाही त्याला भिंग लावून बघावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

"अहो, तो माझा गळा घेतोय," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"अमुख."

"पुस्तकातला ना? मग पुस्तकात घेऊ दे. तू गरम पाणी पी."

त्या आठवड्यात खुद्द लेखक स्टुडिओत आले. बाईंनी धीर करून विचारलंच. कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून लेखकांचा चेहरा खुलला.

"बाई, अमुख हे प्रतीक आहे."

"कशाचं?"

"सत्तेचं. सत्तेला स्वतःचं तोंड नसतं, ती दुसऱ्यांच्या तोंडून बोलते."

"मागच्या मुलाखतीत काळाचं म्हणाला होतात," कानसेन म्हणाला.

"त्याचंही आहे."

"म्हणजे गळा घेतो, ते खरोखर नाही?" बाईंनी विचारलं.

"छे. शब्दशः घेऊ नका हो. निव्वळ प्रतीकात्मक."

"आणि माझा घसा बसलाय तो?"

"तो हवेमुळे," लेखक म्हणाले.

बाईंना हे पटलं, पण टाळी वाजवायला हात काही उठेना. चूक झाली की त्या हलकेच मांडीवर थाप मारू लागल्या. मांडीवरच्या थापेला सुळका उठत नाही. परिणामी तीन प्रकरणं न कापताच प्रकाशकांकडे गेली आणि त्यांत अमुख गंभीर स्वरात म्हणत होता, "मी अनादी आहे, मी... थांबा हो, जीभच वळेना... मी अनंत आहे."

प्रकाशकांनी फोन करून कानसेनची हजेरी घेतली. आता सुळक्यांचा आधार नव्हता, तेव्हा सगळं पहिल्यापासून कान देऊन ऐकणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बाईंना बोलावून घेतलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला.

बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. आणि त्याच्या खाली आणखी एक. जाडसर, खोलातून येणारा, तेच शब्द त्याच वेळी उच्चारणारा.

"हा कोण?"

"तेच विचारायला बोलावलं," कानसेन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "वायर बदलली, माइक बदलला. मी स्वतः दोन पानं वाचून बघितली. माझ्यात नाही येत. तुमच्यातच येतो."

बाईंना आवंढा गिळायचीसुद्धा भीती वाटली. आत कोणी असेल तर त्याला कळायला नको.

लेखकांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावला, काढला, पुन्हा लावला.

"यंत्राचा दोष," ते म्हणाले.

"यंत्र बदललंय."

"मग आता याच्याकडे प्रतीक म्हणून पाहिलं तर..." लेखक म्हणाले. त्यांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी यजमानांनी ते मुद्रण ऐकलं. एरवी त्यांनी काहीतरी विनोद केला असता. केला नाही, म्हणून बाई जास्तच घाबरल्या.

"उद्या घशाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"डॉक्टर अमुखाला काय करणार?"

"ते डॉक्टरांना ठरवू दे."

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली. पडद्यावर दोन फिकट पट्ट्या दिसल्या आणि त्यांतल्या एकीवर मसुराएवढा लाल फुगवटा.

"हे बघा तुमचे स्वरतंतू," त्या म्हणाल्या. "एकावर गाठ आहे, त्यामुळे दोन्ही एका सुरात हलत नाहीत. म्हणून दोन आवाज येतात."

खरं तर बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण कादंबरीतला देव निदान डोंगरात राहत होता. हा त्यांच्या घशात घर करून बसला होता.

"काढावी लागेल. काढून तपासायलाही पाठवू."

"आणि माझा आवाज?"

"बहुतेक राहील."

अमुखाने निदान 'बहुतेक' म्हटलं नव्हतं.

गाठ काढली. तपासणीत वाईट काही निघालं नाही. मात्र बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी सक्त ताकीद होती. बाई पाटीवर लिहून बोलत. एक दिवस लेखक घरी आले. त्यांनी शेवटचं प्रकरण नव्याने लिहून आणलं होतं. त्यात अमुख घेतलेले सगळे गळे ज्याचे त्याला परत करत होता, वर आभारही मानत होता.

बाईंनी पाटीवर लिहिलं, "प्रतीक ना?"

"प्रतीकच हो," लेखक म्हणाले. "पण आपल्याकडून काही राहून जायला नको."

बोलायचा दिवस आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई समोर बसल्या, यजमान शेजारी.

"हं, बोला."

बाईंनी ओठ आवळून धरले.

"बोलल्याशिवाय कळणार कसं?"

बाईंना नेमकं तेच नको होतं. कळेपर्यंत तरी आवाज आहे असं मानता येत होतं.

"काहीही म्हण," यजमान म्हणाले. "मला नावं ठेव. बरीच साठली असतील."

बाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं. "आ" बाहेर आला. एकच. खाली दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समाधानाने मान हलवली आणि कागद पुढे ओढला.

पण तो आवाज बारीक होता, हलका होता. बाईंच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी यजमानांची बाही घट्ट धरली.

"अहो, हा कोणाचा आहे?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुझाच. लग्नाआधी असाच होता."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी बाही सोडली नाही. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या आणि आपलेच शब्द कान देऊन ऐकत राहिल्या.